धडा सहावा : चिमणी गेली तेव्हा

गल्लीत त्यांना सगळे हनुवटीकाका म्हणत. तीस वर्षं त्यांनी पासपोर्टचे फोटो काढले आणि तीस वर्षं एकच पालुपद लावलं : "हनुवटी खाली. अजून खाली. अहो, इतकीही नको. कान दिसू द्या. हसू नका, हसायचं ते विमानात हसा." पुढे लोक पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून मोबाइलवर स्वतःच फोटो काढायला लागले. स्टुडिओतल्या स्टुलावर धूळ तेवढी येऊन बसू लागली. ती न हलता बसते, असं काका म्हणत.

तेव्हा त्यांनी एक कोर्स घेतला. शिकायला नव्हे, विकायला. एक कंपनी 'बारा धड्यांत फोटोग्राफर' नावाचा तयार कोर्स परवान्यासकट विकत होती. त्यावर आपलं नाव घालायचं आणि आपला म्हणून विकायचा, सगळं रीतसर. फोनवरची मुलगी श्वास न घेता बोलत होती. "पूर्ण हक्क तुमचे सर, लेखक तुम्हीच सर, शिक्षक तुम्हीच सर, फक्त एक फॉर्म भरायचाय सर."

फॉर्मात रकानेच रकाने. अनुभव किती वर्षांचा. पहिला कॅमेरा कुठला. पत्नीचं लाडाचं नाव.

"कसला फॉर्म भरताय?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"धड्यांना घरगुती स्पर्श देतात ते."

"आपल्या घरात कोणाला स्पर्श करायचाय त्यांना?"

काकांनी 'चिमणी' असं लिहून टाकलं. पहिले चार धडे त्यांनी स्वतः वाचून रेकॉर्ड केले. मग घसा बसला. उरलेले आठ धडे कंपनीच्या यंत्राने त्यांच्याच आवाजात वाचले, वाक्यामागच्या खाकरण्यासकट. आपलाच आवाज काय ऐकायचा, म्हणून काकांनी ते ऐकले नाहीत. कोर्स मात्र बरा खपला.

दोन महिन्यांनी एका विद्यार्थ्याचा फोन आला. निवृत्त गृहस्थ, आयुष्यभर लिफ्ट तपासण्याची नोकरी केलेले. प्रत्येक वाक्य थांबत थांबत, मजला मोजल्यासारखं. "सर. माझी पत्नी. मार्चमध्ये गेली. तुमचा सहावा धडा. ऐकला. रविवारी चार वाजता. येऊ का?"

काका "या, या" म्हणाले, फोन ठेवला आणि धडा सहावा लावला. त्यांच्याच आवाजात यंत्र सांगत होतं : "चिमणी गेली तेव्हा मी कॅमेरा कपाटात ठेवून दिला. मग एके सकाळी तिच्या चष्म्याचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तिच्या चपलेचा. रोज एक वस्तू, खिडकीच्या उजेडात. तुम्हीही करून पाहा." आणि खाकरलं.

काकू हातात चिमटा घेऊन दारात उभ्या होत्या. "मी कधी गेले?"

"अगं, ती तू नाहीस."

"मग दुसरी कोण चिमणी ठेवलीय?"

मूळ लेखकाच्या बायकोच्या जागी रकान्यातलं नाव आपोआप बसलं, हे समजावता समजावता काकांना घाम फुटला. परवान्यात हे चालतं, हेही त्यांनी सांगितलं.

"मला मारायला परवाना मिळतो होय? कमाल आहे!"

"रविवारी चार ते पाच बहिणीकडे जाऊन येशील का? त्या माणसाला किती लागेल, विचार कर."

"मी माझ्याच घरात मेल्यासारखी वागणार नाही. आणि त्याला लागेल ते तुमच्यामुळे लागेल, माझ्यामुळे नाही."

काकांचं म्हणणं असं होतं, की माणूस सावरतोय तर त्याचा आधार कशाला काढायचा. दोन दिवस ते म्हणणं त्यांनी स्वतःलाच निरनिराळ्या आवाजांत ऐकवून पाहिलं. एकाही आवाजात ते नीट बसेना.

लिफ्टवाले पावणेचारलाच आले. दार काकूंनी उघडलं.

"मी विद्यार्थी. आपण?"

"चिमणी," काकू म्हणाल्या. "धडा सहावा. आत या, बसा."

ते आले आणि बसले. छातीशी धरलेली पिशवी मात्र खाली ठेवली नाही. काकांनी गोष्ट उशिरा का होईना, सरळ सांगितली. कोर्स विकत घेतलेला. गोष्ट दुसऱ्या कोणाची तरी. आवाजसुद्धा यंत्राचा.

"पण परवाना होता?"

"होता."

"त्यात बायकोही आली?"

"सगळंच आलं."

"किती जणांनी घेतलाय असा परवाना?"

"अकराशे, असं कंपनी म्हणते."

"म्हणजे अकराशे बायका गेल्या," लिफ्टवाले म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून फोटो काढून टेबलावर ओळीने मांडले. एकतीस. कंगवा, औषधाची डबी, छत्री, अर्धं विणलेलं काहीतरी. प्रत्येकामागे तारीख. "वस्तू संपल्या. पुढे काय करायचं ते विचारायला आलो होतो. सातवा धडा कॅमेऱ्याच्या स्टँडचा आहे."

काकांनी फोटो एकेक करून पाहिले. पुष्कळ हललेले होते. एरवी त्यांनी लगेच सांगितलं असतं, की श्वास रोखा, कोपर टेकवा. "पुढे काय करायचं, मला माहीत नाही," ते म्हणाले. "ज्याला माहीत असेल तो कोण, तेही माहीत नाही. पैसे परत करतो. धडा काढून टाकतो."

"धडा नका काढू." लिफ्टवाल्यांनी फोटो तारखेप्रमाणे लावून पिशवीत ठेवले. "तो ज्याने लिहिला त्याची बायको गेली असणार. ते खोटं नाही. तुमचं नाव काढा."

चहा न घेताच ते गेले. काकूंनी दुसऱ्यांदा विचारलंही नाही.

कंपनीची मुलगी म्हणाली, "लेखकाचं नाव काढता नाही येत सर, सिस्टिम घेत नाही सर." मूळ लेखक कोण? "ती माहिती आमच्याकडे नसते सर." मग काकांनी सहाव्या धड्याच्या आधी एक मिनिट स्वतःच्या आवाजात जोडलं : ही गोष्ट माझी नाही, कोणाची ते मला ठाऊक नाही, हे बाराही धडे मी लिहिलेले नाहीत, माझी बायको घरात आहे. शेवटच्या वाक्याला काकूंनी आतून "आहे!" म्हटलं. तेही रेकॉर्ड झालं, आणि राहिलं.

चौदा जणांनी पैसे परत मागितले आणि काकांनी ते दिले. लिफ्टवाल्यांनी मागितले नाहीत, फोनही केला नाही. कोणता विद्यार्थी काय पाहतो, ते काकांना संगणकावर दिसतं. रोज सकाळी सातच्या सुमाराला लिफ्टवाल्यांच्या नावापुढे सहावा धडा उघडतो. सातवा अजून उघडलेला नाही. आधी जोडलेलं मिनिट वगळून पुढे जायची सोय आहे. ते वगळत नाहीत.