उजेडाची चौकशी

आमच्या गावात वर्दी दिसली की सगळे मुके होतात. दरेकसा स्टेशनापासून आत, डोंगराच्या कडेला गाव. इथं वर्षानुवर्षं कधी जंगलातले येऊन विचारायचे, कधी पोलीस येऊन विचारायचे, आणि दोघांनाही एकच उत्तर बरं असायचं, मालूम नाई. त्यामुळे फौजेची गाडी शाळेजवळ थांबली आणि त्यांनी आकाशातल्या उजेडाबद्दल विचारलं तेव्हा अख्खं गाव म्हणालं, आम्ही झोपलो होतो. संध्याकाळी साडेसातला! ज्यांनी पोरांना खांद्यावर घेऊन तो उजेड दाखवला होता, तेही झोपले होते म्हणे. एरवी मी पोट धरून हसले असते. पण त्या दिवसांत मला काहीच येत नव्हतं, ना हसू, ना रडू.

माझा धाकटा भाऊ जाऊन तेव्हा महिना होत आला होता. विजेच्या मोठ्या लाईनचे टॉवर उभे करायच्या कामावर तो दूर दक्षिणेकडे गेला होता. तिथंच वरून पडला. तिसऱ्या दिवशी त्याला गाडीतून आणलं. बाहेरगावी मेलेल्या माणसाला घरात घेत नाहीत, म्हणून अंगणात ठेवला आणि तिथूनच नेला. मी उभी होते. कोण कोण रडलं ते मला नीट आठवतं, कारण मी मोजल्यासारखी बघत होते.

दहाव्याच्या आदल्या रात्री आमच्याकडे राख मांडतात. चुलीतली राख बारीक चाळून, जिथं माणूस ठेवला होता तिथं पसरायची, बाजूला दिवा ठेवायचा आणि वर टोपली पालथी घालायची. पहाटे जाणती माणसं टोपली उचलून बघतात. राखेत पाऊल उमटलेलं असतं. पाखराचं असेल, वासराचं असेल, लहान लेकराचंही असेल. त्यावरून कळतं, गेलेला कुठल्या रूपात गेला. माझा यावर विश्वास आहे का, असं कोणी विचारलं तर मी धड हो म्हणणार नाही. पण मायचा होता. ती रात्रभर उंबऱ्याशी बसून होती आणि पहाटे पहाटे तिचा जरा डोळा लागला.

मी अंगणवाडीत काम करते. उठायचं, अंगण झाडायचं, सडा टाकायचा, मग पोरांची खिचडी. इतकी वर्षं हेच. त्या पहाटे मी उठले, खराटा घेतला, टोपली उचलून बाजूला ठेवली, राख झाडली आणि वरून सडा टाकला. मला खरंच काही कळलं नाही. दिवासुद्धा मी उचलून कोनाड्यात ठेवला होता, नीट. मोठे काका आले आणि ओल्या अंगणाकडे बघत उभे राहिले, तेव्हा कुठं माझ्या हातातला खराटा मला दिसला.

माय एवढंच म्हणाली, "काऊन झाडलं व?"

त्यानंतर तिनं जेवण सोडलं. मला एक शब्द बोलली नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. ताट समोर ठेवलं की हातानं बाजूला सरकवायची. पेज करून दिली, चहात पाव बुडवून दिला, शेजारणी येऊन समजावून गेल्या. पाण्यावर आणि दोन-चार घोट चहावर बाई जगत होती. नर्सबाई म्हणाली, असंच चाललं तर गोंदियाला न्यावं लागेल. मी म्हटलं, बरं. सगळ्याला मी बरंच म्हणत होते.

मग एका संध्याकाळी तो उजेड दिसला. डोंगरावरून निघाला, रेल्वेच्या बोगद्याच्या दिशेनं गेला. पिवळा, मागे लांब शेपूट, आवाज अजिबात नाही. गाव रस्त्यावर आलं, मोबाईल वर झाले. माय भिंत धरून अंगणात आली आणि तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. मग मला म्हणाली, "चालला व तो. भात वाढ." मी वाढलं. लाखोळीचं वरण आणि भात, दोनदा घेतला तिनं. दुसऱ्या दिवशीही जेवली, तिसऱ्याही. तो उजेड काय होता याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. माय जेवत होती, बास.

आणि आता ही फौज चौकशीला आली. कोणीतरी काढलेला व्हिडिओ कुठून कुठं पोचला होता. पोलीस पाटील आमच्या दारात येऊन हळूच म्हणाले, कोणी बोलून नाही राहिलं, पण तुझी माय म्हणते, मी सांगते. फौजेच्या माणसांना दारात सोडून पाटील निघून गेले. एक चष्मेवाले वयस्कर साहेब, एक लॅपटॉपवाला आणि एक ड्रायव्हर. साहेबांना फक्त हिंदी येत होती. मायला हिंदी समजते बऱ्यापैकी, पण बोलते ती आपलीच बोली. तेव्हा मधे मी.

मी मनात ठरवून टाकलं होतं. हे लोक सांगणार की तो उजेड म्हणजे अमुक यंत्र होतं, तमुक होतं, आणि ती पुन्हा ताट सरकवणार. तिचा घास माझ्या हातून एकदा गेला होता, आता माझ्याच तोंडातून जाणार होता. म्हणून ते काहीही म्हणोत, मी खोटं सांगायचं.

साहेबांनी रंग विचारला, दिशा विचारली, आवाज विचारला. माय शहाण्यासारखी उत्तरं देत होती. किती वेळ दिसला, यावर ती म्हणाली, चुलीत तीन दमदार फुंका मारून व्हाव्यात तेवढा. लॅपटॉपवाला म्हणाला, सेकंदात सांगा. मायनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली बघायला लागला. शेवटी तिनं फुंकणी आणली, विझलेल्या चुलीसमोर बसून तीन फुंका मारल्या आणि साहेबांनी घड्याळ लावून वेळ मोजला. घरभर राख उडाली. साहेबांनी चष्मा पुसला आणि आकडा लिहायला सांगितला. माणूस वाईट नव्हता.

मग मायनं मला सांगितलं, आता मी इचारते. काय होतं ते, असं इचार त्यायले.

मी विचारलं. साहेब समजावून सांगायला लागले, की वर सोडलेल्या रॉकेटचा जुना तुकडा असावा, असे तुकडे कधीकधी परत खाली येतात. "ऊपर ही जल गया, अम्मा. कुछ बचा नहीं."

मी तोंड उघडलं, पण मायनं हात वर केला. जल गया समजायला मधे कोणी लागत नाही. तिनं समोरची फुंकणी हातानं बाजूला सरकवली. मला वाटलं, संपलं. आज रात्री ताट ठेवायचं आणि उद्या गाडी करून गोंदियाला न्यायचं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. भीतीसुद्धा धड वाटली नाही.

मग ती म्हणाली, "जळला ते मालूम आहे मले. जळल्यावर कुठी गेला, ते इचार."

मी विचारलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मायकडे. भिंतीवर भावाचा हार घातलेला फोटो होता, तो त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसला असावा. त्यांनी चष्मा काढला. "वो हमको नहीं पता, अम्मा."

लॅपटॉपवाल्यानं विचारलं, सर, हे लिहू का? साहेबांनी नको म्हणून मान हलवली.

माय उठली. माझ्याजवळ आली आणि तिनं माझ्या डोक्यावर पडलेली राख झटकली. "पाह्य," ती म्हणाली, "एवढी मोठी फौज, एवढ्या मशिना, अन् त्यायलेबी मालूम नाई. मंग अंगणातल्या राखेतून मले काय मालूम होनार होतं? तू नोको घेऊ मनाले, बाई. झाडलं त झाडलं."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि भोकाड पसरलं. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. साहेब घाबरून विचारत होते, क्या हुआ, अम्मा ने क्या कहा, क्या कहा? आणि त्यांना सांगायला घरात दुसरं कोणी नव्हतं.