ठकीची धूळपाटी

छप्पन साली तळवड्याच्या शाळेत सगुणाबाई मास्तरणीने एक उद्योग आरंभला होता. दुसरीतली ठकी ऐकलेला धडा घडाघडा म्हणायची, पण पुस्तक उघडलं की अक्षरं तिला ओळखच देत नसत. बाईंच्या ट्रेनिंगात अशा पोरांविषयी चकार शब्द नव्हता. मग बाईंनी माळ्यावरची जुनी धूळपाटी काढली, आणि धुळीत बोटाने गिरवून घेत सहा महिन्यांत ठकीला वाचायला लावलं. हळू, पण वाचायला.

वार्षिक परीक्षेला तपासनीस साहेब आले. ठकी नापास झाली तर तिची आई सरुबाई तिला शाळेतून काढणार होती.

"वाच!" साहेबांनी पुस्तक पुढे केलं. ठकी मांडीवर बोटाने अक्षरं गिरवू लागली.

"हे काय चाळे?"

"साहेब, गिरवलं की तिला वाचता येतं. जरा वेळ द्या." बाईंनी मोठ्या उमेदीने धूळपाटी पुढे ठेवली.

साहेब हसले. "ट्रेनिंग झालंय ना तुमचं? स्वराज्य आलं, अन् तुम्ही अजून धुळीतच?"

"मग अशा मुलांना कसं शिकवायचं, ते तरी सांगा."

"छडी आहे की!"

दारात उभ्या सरुबाईने आत येऊन लेकीचा दंड धरला. "चल गं. शेरडं काय वाच म्हनत न्हाईत."

"नाव कमी करा," साहेब म्हणाले. "कारण लिहा, मंदबुद्धी."

बाईंनी टाक उचलला. दुसरा शब्द त्यांनाही कुणी शिकवला नव्हता. वळणदार अक्षरात त्यांनी तोच लिहिला.