दोन लाइनींची खोली

अर्धांगवायूनं आप्पांचा उजवा हात गेला, आणि बोलणंही अडकलं. माझ्या वडिलांनी सैन्यातली सगळी नोकरी जनरेटर आणि वायरिंग सांभाळण्यात घालवली होती. निवृत्त होऊन जतजवळच्या आमच्या गावी आल्यावर कुणाची मोटर जळली की लोक त्यांनाच हाक मारायचे. आता ते पडवीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. डाव्या हातानं काहीतरी करत राहा, असं सांगलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. ते काही करत नव्हते. आई आधीच गेलेली, म्हणून शिरवळच्या कंपनीतून लांब रजा काढून मी घरी आले होते.

दुपारी ते आडवे झाले की मी लॅपटॉपवर एक गेम खेळायची. ओसाड बेटावर एकट्यानं जगायचं. लाकूड-दगड जमवून तळ बांधायचा, आणि अंधारात येणाऱ्या जनावरांपासून तो राखायचा. तळाला वीज लागते. पवनचक्की, सोलर, बॅटरी, वायरी, सगळं आपणच जोडायचं. माझा तळ सारखा अंधारात जायचा. असाच एकदा गेला, तेव्हा काठी टेकून आप्पा पाठीमागे उभे होते.

"बॅटरी," ते म्हणाले. मग बराच वेळ शब्द शोधून, "सगळं... एकीवरच?"

खरंच होतं. दरवाजे, दिवे, भट्टी, मी सगळं एकाच बॅटरीवर लटकवलं होतं. मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. त्यांच्या डाव्या हातात माऊस राहीना. वायर भलतीकडेच जोडली गेली आणि आप्पांनी एक सणसणीत शिवी हासडली. दुखण्यानंतर तोंडातून अख्खी बाहेर पडलेली ती पहिलीच गोष्ट. आम्ही दोघंही हसलो.

मग रोज चहा झाला की आमचं तेच काम. मी लाकडं तोडायची, आप्पा जोडणी करायचे. त्यांनी माझं सगळं वायरिंग उपटून टाकलं. दिव्यांची लाइन वेगळी, दरवाज्यांची वेगळी. ऊन असेल तर सोलर, नसेल तर पवनचक्की, आणि दोन्ही थांबली तर जनरेटर. कामाबरोबर त्यांचे शब्दही थोडेथोडे परत येत होते.

एका दुपारी त्यांनी तळाच्या कोपऱ्यात लहानशी खोली बांधली. आत एक खाट, एक हीटर, एक दिवा. त्या खोलीला दोन लाइनी दिल्या, एक बॅटरीवरून, दुसरी थेट जनरेटरवरून. एक गेली तर दुसरी आपोआप सुरू व्हावी अशी. खोलीत कुणी राहणार नव्हतं, आणि गेममध्ये इंधन फार जपून वापरावं लागतं.

"आप्पा, ही काढूया का?"

"काढू नगं."

"आवं, पण कुणासाठी हाय ही?"

त्यांनी माऊस सोडला. पुढचं सांगायला त्यांना सगळी दुपार लागली. वर बर्फातल्या ठाण्यावर औंधकडचा एक जवान आजारी पडला होता. फुप्फुसात पाणी झालेलं. त्याच्या खोलीतलं ऑक्सिजनचं मशीन, हीटर, दिवा, सगळं जनरेटरवर चालत होतं, आणि हवा खराब, हेलिकॉप्टर येईना. डिझेल गोठत होतं. आप्पा जनरेटरच्या तंबूत बसून डिझेलचे डबे उबेला ठेवत राहिले. आभाळ उघडलं, हेलिकॉप्टर आलं. जवान वाटेतच गेला.

"लाइट गेली न्हाई," आप्पा म्हणाले. "एकदा बी न्हाई. पर मी त्येच्यापाशी... बसलो न्हाई."

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आईला होतं की नाही, कोण जाणे.

काही दिवसांनी ते आपणहून म्हणाले, "औंधला जायाचं." विचारत विचारत आम्ही घर गाठलं. जवानाची आई ओट्यावर ज्वारी निवडत होती. आम्ही कोण ते मी सांगितलं. तिनं सूप बाजूला सारलं.

"तुमी हुता व्हय तितं?"

आप्पांचा शब्द अडकला. मी बोलायला गेले, तर तिनं हातानंच मला थांबवलं. ती नुसती वाट बघत राहिली.

"हुतो."

"लय थंडी असती म्हणत्यात."

"खोली..." आप्पा पुन्हा अडकले. "खोली गरम हुती. दिवा हुता."

 ती पदरानं डोळे टिपत म्हणाली, "ह्ये कुनीच सांगितलं नव्हतं बगा." आणि चहा टाकायला आत गेली. बशी आप्पांच्या डाव्या हातात कलायला लागली तेव्हा तिनं खालून आपला हात लावला, आणि चहा संपेपर्यंत तसाच ठेवला.

निघताना ती म्हणाली, वर डोंगरावर यमाईदेवीला जाऊन या. डोंगर चढणं आप्पांना झेपणार नव्हतं. खालीच गाडी थांबवली. त्यांनी काचेतून वर बघत डावा हात कपाळाला लावला, आणि मग घर येईपर्यंत शांत झोपले.