दिवस मावळायच्या आतला पेला

जयपाल मगदूम दिवस मावळल्यावर काही खात नाहीत. पाणीसुद्धा पीत नाहीत. जैन घरात यात नवल नाही. पण त्यांनी हा नेम शाळेत असताना धरला, आणि आता साठी उलटली तरी एकदाही मोडलेला नाही.

मंगळवार पेठेत त्यांचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. कामाच्या नादात घरी जेवायला पोचणं जमलं नाही, तर ते सरळ दूध कट्टा गाठायचे. तिथला गवळी चन्नवीर समोरच म्हैस पिळायचा. फेसाळ दुधाचा मोठा पेला पोटात गेला की सकाळपर्यंत भुकेची आठवण नसायची.

मग शुगर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. सून ऐश्वर्यानं कट्टा बंद केला आणि ओट्सच्या दुधाचे खोके आणले.

"मामा, यात कोलेस्टेरॉल नाही. साखर घातलेली नाही, असंही लिहिलंय बघा."

जयपालांनी चष्मा लावून वाचलं. खरंच तसं होतं. जनावराला त्रास नाही, हेही त्यांना बरं वाटलं. चव पेजेसारखी होती, पण चालवून घेतली.

एक खोका दुकानात राहू लागला. उशीर झाला की पेलाभर ओट्सचं दूध, बस्स. पण दिवस मावळून थोडा वेळ गेला की पोटात आग पडायची. अशी भूक त्यांना उपवासातही लागली नव्हती. एका संध्याकाळी हात इतका थरथरला की स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना. कसेबसे घरी पोचले, तेव्हा सदरा घामानं चिंब होता.

ऐश्वर्यानं बोट टोचून पाहिलं. शुगर फार उतरली होती. ती साखरपाणी घेऊन समोर उभी राहिली. जयपालांनी तोंड उघडलं नाही.

"मामा, तुमच्या पाया पडते."

त्यांनी मान फिरवली. ती रडायला लागली. थरथर हळूहळू कमी झाली. कशानं, ते दोघांनाही कळलं नाही.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "नशीब समजा. परत असं झालं तर रात्र असो, नेम असो, साखर तोंडात टाकायची. बेशुद्ध पडलात तर?"

मग म्हणाले, "ओट्सचं दूध करताना त्यातल्या पिठाची साखर होते. ती रक्तात भरभर चढते आणि तशीच भरभर उतरते. प्रथिनं थोडी, म्हणून पोटात टिकत नाही. आणि वर तुमची गोळी शुगर आणखी उतरवते."

"पण साखर घातलेली नाही म्हणून..." ऐश्वर्या म्हणाली.

"घातलेली नाहीच. तयार झालेली आहे."

"म्हणजे म्हशीचं चांगलं?" तिनं विचारलं.

"पोटाला आधार होतो. पण मोठा पेला नको, स्निग्धांश फार."

"मग बदामाचं?"

"बिनसाखरेचं असलं तर शुगर फारशी चढणार नाही. पोटही भरणार नाही. बिनसाखरेचं सोयाबीनचं त्यातल्या त्यात बरं."

"तेही खोक्यातलंच ना?"

"हो."

जयपाल खुर्चीत पुढं सरकले. "मग मी करू काय?"

"आधी जेवा. नुसतं दूध म्हणजे जेवण नव्हे." डॉक्टरांनी गोळीही बदलली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जयपालांनी दुकानातच डबा उघडला. भाकरी आणि मटकीची उसळ खाल्ली. मग कट्ट्यावर गेले.

"या पावणं!" चन्नवीर ओरडला. "कुठल्या गावचं?"

"अर्धा पेला दे."

"अर्धा? अण्णा, सुनेनं ओट्स म्हंजे घोड्याचा खुराक चालू केलाय म्हणं. म्हस रुसलीया की."

"तिला सांग, डॉक्टरबी रुसलाय."

चन्नवीर हसला आणि अर्ध्याच्या वर धार सोडू लागला. जयपालांनी पेल्यावर हात धरला. पिऊन होईपर्यंत ऊन कट्ट्यावरून उतरलं.

ते दुकानात येऊन बसले. खिशात ऐश्वर्यानं बांधून दिलेली खडीसाखरेची पुडी होती. बाहेर अंधार झाला. भूक लागली, असं वाटलं. मग नाही वाटलं. हात थरथरतोय की भीतीनं तसं वाटतंय, ते कळेना. त्यांनी एक मिक्सर उलटा केला आणि त्यातला सगळ्यात बारीक स्क्रू काढला. मग परत बसवला. बसला.

फोन वाजला. "मामा, कसं वाटतंय?"

"बरं हाय."

"कशानं? भाकरीनं, दुधानं, का गोळीनं?"

"काय म्हाईत," जयपाल म्हणाले आणि तोच स्क्रू पुन्हा काढायला लागले.