‘वास हाय’ म्हणणारा दामू

दामू गेल्याचा फोन त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी केला, तेव्हा मी दोनदा विचारलं, कोण गेलं? आदल्याच रविवारी तो पेणच्या बाजारात भेटला होता, चांगला हसतखेळत होता. सकाळी अंघोळीला म्हणून उठला आणि दारातच खाली बसला, एवढंच त्या सांगू शकल्या.

दामोदर म्हात्रे आणि मी रोह्याच्या एका रंगाच्या कंपनीत बावीस वर्षं होतो. पेणहून एकाच एस.टी.नं जायचो. मिठागरावर राबणाऱ्या बापाचा हा मुलगा आयटीआय करून कंपनीत उपकरणं सांभाळायला लागला. थिनरच्या गोदामातले सेन्सर त्याच्याकडे होते. काचेच्या चिमुकल्या पट्टीवर धातूच्या ऑक्साइडचा थर, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. हवेत थिनरची वाफ मिसळली की त्या थरातून वाहणारी वीज बदलते आणि दिवा लाल होतो. ती पट्टी दाखवताना दामू आवाजसुद्धा हळू करायचा...

एका श्रावणात, भरदुपारी, तो दिवा लाल झाला. शिफ्ट माझी होती. मी हुंगून पाहिलं, काही नाही. बाकीच्यांनाही काही जाणवेना. दमट हवेत हा थर कधी कधी फसतो, हे दामूनंच मला शिकवलं होतं. तो गोदामाच्या दारात उभा राहिला, लांब श्वास घेतला आणि म्हणाला, “वास हाय. कुणी आत जायचं नाय.” काम थांबवलं, एकेक पिंप तपासलं. गळती सापडली नाही. वरून खुलासा मागितला गेला. सेन्सर दमटपणामुळे फसला असावा, असं मी लिहून दिलं. दामूची बदली स्टोअरमध्ये झाली. त्यानंतरही तो एस.टी.त माझ्यासाठी जागा धरायचा. तो विषय त्यानं कधी काढला नाही, मीही नाही.

दामू गेल्यावर महिन्यानं मी त्याच्या घरी गेलो. बोलता बोलता वहिनींना म्हणालो, दामूचं नाक भारी तिखट होतं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

“त्यांना वास येत नव्हता, भावोजी. कंपनीत लागल्यावर दोन-तीन वर्षांतच गेला. तुम्हाला म्हाईत नव्हतं?”

नव्हतं. म्हणजे त्या दुपारी तो खोटं बोलला. सेन्सरवर भरवसा ठेवून आम्हाला बाहेर ठेवायला, की आपलं नाक गेलंय हे लपवायला? आणि मला वास आला नाही, तो मुळात नव्हताच म्हणून, की इतक्या वर्षांत माझंही नाक गेलं होतं म्हणून? मी जे लिहून दिलं ते खरं होतं की...

जेवून जा म्हणत वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. मी दारापाशी उभा राहिलो. गॅसच्या वर भिंतीला दामूनं स्वतः जोडलेली, तसल्याच सेन्सरची एक डबी होती, तिच्यावर हिरवा दिवा. कढईत लसणाची फोडणी पडली आणि दिवा लाल झाला.

“हा लागला की बाहेरच्या खोलीतून म्हणायचे, वास छान सुटलाय,” वहिनी म्हणाल्या. “दिवा बघून म्हणायचे, मला ठाऊक होतं. तरी बरं वाटायचं.”

पळी हातात धरून त्यांनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग मीच म्हणालो, वास छान सुटलाय. खरंच मला तो आला होता का, की मीही दिवाच बघत होतो... अजून नीट सांगता येत नाही.