राणीचे यजमान गेले त्या आठवड्यात

ताई कुणाकडे समाचाराला गेल्या की दारात आधी मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकायच्या, चपला मग. "हातावर असलं की नजर जाते गं. आणि गेलेली नजर समोरच्याला बरोब्बर कळते." मग आत जाऊन बसायच्या. 'सुटले बिचारे', 'आता तुम्हीच धीर धरायला हवा' असलं आपण सगळे जे बोलतो ना, त्यातलं अक्षरही त्या बोलायच्या नाहीत. एकदा परत येताना गाडीत मी त्यांना विचारलंच. म्हणाल्या, "बोलायचं काय असतं त्यात? बसायचं असतं नुसतं."

सिडनीत वेस्टमीडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आम्ही दोघी बारा वर्षं एका बेंचवर होतो. त्या मला सीनियर, आणि टूनगॅबी उपनगरातल्या निम्म्या मराठी घरांच्या ताई. भारतातून फोन येतो, कुणाचे वडील गेलेले असतात, फ्लाइट दुसऱ्या दिवशीची असते, आणि इथल्या घरात नवरा-बायको एकमेकांकडे बघत बसलेली असतात. अशा घरी संध्याकाळी ताई स्टीलच्या डब्यात पिठलं-भात घेऊन हजर. दोन वर्षांपूर्वी रिटायर होऊन त्या मुलीकडे दुसऱ्या शहरात, ग्लेन वेव्हर्लीला गेल्या. आता अशी बातमी आली की फोन कुणाला करायचा हेच आम्हाला सुचत नाही.

मला या बाईचं अतोनात कौतुक, आणि तेवढाच वैताग. वैतागाचं सांगते.

इंग्लंडच्या राणीचे यजमान गेले तेव्हाची गोष्ट. 'यजमान' हा शब्द ताईंचाच. सगळी दुनिया प्रिन्स-प्रिन्स करत होती, आणि ताई सकाळी एप्रन चढवता चढवता म्हणाल्या, "राणीचे यजमान गेले गं. नव्व्याण्णव वर्षांचे होते." जसे काही शेजारच्या गल्लीतले.

तो आठवडा तुम्हालाही आठवत असेल. टीव्ही लावावा तर तेच. झेंडे अर्ध्यावर, रेडिओवर लोक फोन करून गळा काढतायत, पुढचा फोन करणारा 'इनफ इज इनफ, मेट' म्हणून ओरडतोय. आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने हात जोडलेली इमोजी टाकली, तर दुसऱ्याने त्याची गुलामी मनोवृत्ती काढली, आणि दोघांचं बोलणं बंद झालं ते दिवाळीपर्यंत. माझं तर डोकंच फिरलं होतं. पुण्यात करोना दुसऱ्यांदा उसळला होता, आई फ्लॅटमध्ये एकटी, इथली बॉर्डर बंद, आणि टीव्हीवर आपलं सकाळ-संध्याकाळ त्या राजवाड्याच्या फाटकावरची फुलं! टीरूममध्ये मी रिमोट आपटलाही होता. हो, आपटला होता.

आणि रिसेप्शनवर मॉरीन. साठीच्या पुढची, लहानपणी आईवडिलांबरोबर बोटीने इंग्लंडहून आलेली. ती आठवडाभर काळा कार्डिगन घालून आली आणि टीरूममधल्या टीव्हीसमोर चहा निववत बसली. डोळ्यांना सारखा टिश्यू. लॅबमधल्या पोरांना काय, विषयच मिळाला. एकाने तिच्या मॉनिटरवर कागदाचा मुकुट चिकटवला. "युवर मॅजेस्टी, सॅम्पल आलंय," म्हणून दुसऱ्याने कमरेत वाकून दाखवलं. मॉरीन "ओ, स्टॉप इट," म्हणून हसली. मीसुद्धा हसले. खोटं कशाला सांगू?

ताई हसल्या नाहीत. शुक्रवारी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "रविवारी मॉरीनकडे जाऊन येऊ. बसायला."

"अहो ताई, तिच्याकडे कोण गेलंय?"

"केन."

केन तिचा नवरा. बसड्रायव्हर होता. पण तो जाऊन वर्ष होत आलं होतं! आदल्या वर्षी पहिल्या लॉकडाऊनमध्ये गेला. दफनाला दहापेक्षा जास्त माणसं नकोत, कुणी कुणाच्या घरी जायचं नाही, असे ते दिवस होते. आम्ही लॅबमधून एक कार्ड पाठवलं. त्यावर मी सही केली होती, काय लिहिलं होतं ते आठवत नाही. दोन आठवड्यांनी मॉरीन कामावर आली, सगळे तिला 'यू ओके?' म्हणाले, ती 'नॉट टू बॅड' म्हणाली, आणि विषय संपला.

"वर्षाने कुणी समाचाराला जातं का?" मी म्हटलं. "आणि ती रडतेय राणीच्या नवऱ्यासाठी."

"राणीकडे जायला बरेच जण आहेत," ताई म्हणाल्या. "मॉरीनकडे कोणी गेलं नाही. मीही नाही गेले. तेव्हापासून मला ते खातंय."

मी फक्त एवढंच म्हटलं, की निदान फोन करून जाऊ. इथे आई पोटच्या मुलाकडेसुद्धा न विचारता जात नाही. ताईंनी मान हलवली. "फोन केला तर 'आय ॲम फाइन' म्हणेल. संपलंच मग."

रविवारी अकराच्या सुमाराला आम्ही तिच्या युनिटच्या, म्हणजे फ्लॅटच्या, दारात. एका हाताने डबा धरून ताईंनी बेल दाबली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॉरीनने दार उघडलं, ती ड्रेसिंग गाऊनमध्ये. आम्हाला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. "लॅबमध्ये काही झालं का?"

"नो, नो," ताई म्हणाल्या. "वी हॅव कम टू सिट."

"टू सिट?"

"येस. केनसाठी. वी आर व्हेरी लेट."

मॉरीन दारातच उभी. मला वाटलं, आता 'थँक यू, हाऊ लव्हली' म्हणेल, डबा घेईल आणि दार लावेल. तसं झालं असतं तर ताईंना फार लागलं असतं, आणि मी मात्र सुटले असते. मॉरीनने आमच्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि गाऊनचा पट्टा आवळत बाजूला झाली. "माझा अवतार बघू नका," म्हणाली.

आत रात्रीच्या अंत्ययात्रेचं पुनःप्रक्षेपण चालू होतं. मॉरीन चहा करायला निघाली तर ताईंनी तिला खांद्याला धरून सोफ्यावर बसवलं. "आज तू काही करायचं नाहीस. पद्धत आहे आमची." आणि समोरच्या खुर्चीत जाऊन गप्प बसल्या. मी दुसऱ्या खुर्चीत. पिठल्याचा वास घरभर. मॉरीन टीव्हीकडे बघतेय, ताई मॉरीनकडे, आणि मी दोघींकडे.

यजमानांनी हयातीतच स्वतःच्या शवपेटीसाठी तयार करवून घेतलेली हिरवी गाडी हळूहळू चालली होती. त्यांची घोडागाडी बाजूला उभी, मालकाच्या जागेवर टोपी आणि हातमोजे. तिथेही तीसच माणसं, तोंडाला मास्क. मग कॅमेरा राणीवर गेला. एवढ्या मोठ्या चर्चमध्ये एका बाकावर एकटी, काळ्या कपड्यांत, मान खाली. मी खुर्चीत पुढे सरकून बघायला लागले, मी! रिमोट आपटणारी!

"आमच्या वेळेला दहाची परवानगी होती," मॉरीन टीव्हीकडे बघतच म्हणाली. "सहाजण आले. मुलगा पर्थला, बॉर्डर बंद. दफनाचं बघणाऱ्या कंपनीने व्हिडिओ काढून दिला. तो मी कुणाला दाखवलाच नाही. कोण बघणार? बसड्रायव्हर तर होता."

"लाव," ताई म्हणाल्या.

"नाही गं, तुम्ही कशाला..."

"त्याच्यासाठीच तर आलोय. लाव तू."

मॉरीनला तो सापडायला दहा मिनिटं लागली. रिमोटची बटणं चुकत होती. मी पुढे होऊ लागले तर ताईंनी डोळ्यांनीच मला थांबवलं. शेवटी तिने राणीला बंद केलं आणि केन लागला.

कॅमेरा छताच्या कोपऱ्यात एका जागी ठोकलेला. ना बँड, ना समालोचन. माणसांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. पेटीवर डेपोची निळी टोपी ठेवलेली. कुणीतरी दोन शब्द बोललं, पण माइक लांब असल्यामुळे नीट कळलं नाही. मॉरीन सांगत होती, हा त्याचा डेपोतला मित्र, ही माझी बहीण, हे गाणं त्याला आवडायचं नाही पण दुसरं त्यांच्याकडे नव्हतं. एवढं बोलताना मी तिला बारा वर्षांत ऐकलं नव्हतं. मला त्या कागदी मुकुटाची इतकी लाज वाटली म्हणून सांगू.

पेटी हलली तेव्हा ताई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. मीही उठले. टीव्हीसमोर उभं राहून, सिडनीच्या एका बसड्रायव्हरला, वर्षभराने.

मग सगळे बाहेर गेले आणि हॉलमध्ये एकटी बाई उरली. खुर्च्या नियमाप्रमाणे लांब लांब मांडलेल्या, मधल्या एका खुर्चीत ती, मांडीवर पर्स धरून. उठेचना. व्हिडिओ चालूच होता.

"ती मी," मॉरीन म्हणाली. "मला कळेना, उठायचं कसं."

ताई टीव्हीच्या समोरून गेल्या आणि सोफ्यावर मॉरीनला अगदी चिकटून बसल्या. मॉरीनने त्यांच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि मोठ्याने, तोंड न झाकता रडायला लागली. मी क्षणभर तशीच उभी राहिले. मग मीसुद्धा दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. सोफा दोघांचाच होता. मावलो आम्ही तिघी.