पावसात या, मग फोटो काढू

दादाचा फोन आला तेव्हा मी मोहाडीत जेवायला बसलो होतो. ‘‘तुझी वैनी गेली रे...’’ एवढंच बोलला. प्रमिलावहिनी सकाळी पावसात धावून आल्या होत्या. दुपारी तांदूळ निवडता निवडता मेंदूत रक्तस्राव झाला, सूप मांडीवरच राहिलं. मी भंडाऱ्याला पोचलो तोवर अंगणातल्या खुर्च्यांवर निकाल लागलेला होता : बाईमाणसानं या वयात धावायलाच नको होतं. निकाल देणाऱ्यांपैकी दोघांना खुर्चीतून उठायला हात द्यावा लागला.

बारा वर्षांपूर्वी वहिनींची साखर इतकी वाढली, की किडन्या फार दिवस साथ देणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं. आठवड्याभरात त्या पहाटे वैनगंगेच्या पुलापर्यंत धावू लागल्या. मे महिन्यात साडेचारलाच निघायच्या, डिसेंबरच्या धुक्यात कानाला स्कार्फ बांधून. गुरुवारी दादाच्या सायकलवर मोहाडीला आमच्याकडे यायच्या, तांब्याभर पाणी प्यायच्या आणि परत. वाटेतल्या टपऱ्यांवर रोज तेच पुरुष तोच चहा पीत तेच हसायचे. त्यांना दुसरं येत तरी काय होतं?

मी त्यांच्याहूनही हलका. ते निदान लांबून हसायचे. मी घरात बसवून सांगितलं, ‘‘वैनी, लोकं हासून राहिले. बंद करा आता.’’

‘‘हासू द्या ना भाऊजी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तेवढाच त्यायच्या तोंडाले व्यायाम.’’

मग शहरात धावण्या-सायकलींचा एक ग्रुप निघाला. जानेवारीत उगवायचा, होळीला मावळायचा. महागड्या सायकली, एकसारखे टी-शर्ट, आणि पुलावर पाय कमी, मोबाईल जास्त. एकदा त्यांनी वहिनींना हाक मारली, ‘‘काकू, या ना मधात, फोटो काढू.’’ वहिनी थांबल्याही नाहीत. ‘‘पावसात या, मग काढू!’’ जुलै आला. पुलावर वहिनी एकट्याच होत्या. पुढच्या जुलैतही...

तेरवीला जेवून उठलेला एक नातेवाईक सुपारी कातरत म्हणाला, ‘‘एवढं पळून पळून काय भेटलं हो बाईले?’’ मला त्याच्या तोंडावर बोलायचं होतं. पण बोलला दादा, जन्मात कुणाला उलटून न बोललेला.

‘‘बारा वर्षं भेटले,’’ तो म्हणाला. ‘‘तुमचं काय चालू हाये?’’

त्या ग्रुपनं वहिनींसाठी सायकल-श्रद्धांजली ठेवली. पावसामुळे ती दोनदा पुढे ढकलली. शेवटी एका कोरड्या रविवारी उरकली, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. बॅनरवरचा वहिनींचा चेहरा सगळ्यात लहान. मी संतापून पेपर दादापुढे टाकला. दादानं बातमी शेवटपर्यंत वाचली, उठला आणि स्वयंपाकघराच्या दारामागून वहिनींचे धावायचे बूट घेऊन आला. ओल्या बुटांत पेपर कोंबून ते वाळवायचं काम बारा पावसाळे दादाचं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानं ते पान फोटोसकट चुरगाळलं आणि अंगठ्यानं बुटाच्या पार टोकापर्यंत दाबून बसवलं.

‘‘आतून ओलच हाये अजून,’’ म्हणाला आणि बूट खिडकीशी, वाऱ्याला ठेवले.